आधी एक चक्कर जाऊ दे

मावशे, आधी हात पूस.
कनकीचा आंगठा काचेवर घसरते
अन् कोंबडी फुकट मरते.

मोबाइल उभा धर. आता पाह्य:
दाबलं का उडते, सोडलं का खाली.
एवढंच काम. बाकी सारं थांबनं हाय.

नवरदेवाची गाडी तुमसरच्या फाटकावर अडकून हाय,
मालगाडी जाईपर्यंत अर्धा घंटा आपलाच.
माहा जनरेटर गार, तुहा माठ चुलीवर पालथा,
तापू दे त्याले.

ते चाक दिसते का, आरामशीनवानी दातेरी?
पह्यल्याच झोकात उडू नोको.
त्याले एक चक्कर पुरी मारू दे.
कोठून दात येते, कोठी जागा सुटते, पाहून घे.
नव्या मानसाले वाटते, थांबलो म्हनजे हरलो.

अन् कोंबडीकडे पाहू नोको, पंचफुलामावशे.
ती कोठी जात नाही, तुह्याच बोटाखाली हाय.
पाहाचं त मोकळ्या जागेकडे,
जी अजून आली नाही, येऊन राह्यली.

आवाज बंद कर.
गानं आपल्या ठेक्यावर चालते, चाक आपल्या.
गान्यावर दाबशील त फसशील. मी महिनाभर फसलो.
विसाच्या पुढे चाक भरभर फिरते, हे कोनी सांगत नाही.
वरच्या आकड्याकडे त पाहूच नोको:
सत्तेचाळीसवर म्या आकडा पाह्यला,
सत्तेचाळीसवरच मेलो.

दोनवर गेली.
एकवर.
मंग पाचवर, मंग पुन्हा भोपळा.
मावशी हासते, पदरानं काच पुसते.
"काहून गा, हे कोंबडी चालली कोठी?"
कोठीच नाही मावशे. पुढे.
"घर नाही का तिले?"

मी डिझेल पाहाले उठलो.

मांडवातून आवाज आला, आनखी पंधरा पोळ्या!
मोबाइल माह्या खिशात कोंबून
तिनं ओल्या कनकीचा गोळा उचलला,
या हातावरून त्या हातावर झुलवला,
पोळी कोपरापर्यंत लोंबली,
एवढी पातळ का पल्याडची आग दिसे.
अन् थांबली.

धूर फिरला. द्वारकीनं माठावर पानी शिंपडलं,
चर्र झालं.
तरी थांबली.
मंग टाकली. एक सुरकुती नाही.

कवा टाकाची, कसं समजते मावशे?
"तुटाच्या एक घडी आधी."
पोळी फुगेपर्यंत गप्प राह्यली, मंग म्हने,
"पह्यले दोन वर्सं निस्ती तुटते.
माही सासू त्या तुटक्या पोळ्या मलेच खाऊ घाले."

पंधरावी उतरली.
या खेपी न सांगता हात पुसले.
"आन इकडे."

मी मांगून पाहून राह्यलो.
पह्यल्या चाकासमोर ती नुसती बसली,
एक चक्कर गेली, दुसरी गेली,
मले वाटलं डुलकी लागली हिले.
मंग टप.

नऊ. चौदा.
विसाच्या पुढे चाक भरभर,
तिचा आंगठा अधांतरी,
नखावर कनकीचा पापुद्रा वाळलेला.
सव्वीस. एकतीस.
मले एकतीस कराले सतरा दिवस लागले होते.

तेवढ्यात लाइट गेली.
सारा मांडव काळा, चूल लाल,
अन् मोबाइलच्या उजेडात मावशीचं नाक,
नथनी नाही, नुसतं भोक.
रस्त्याकून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले,
फाटक उघडलं वाटते.
"जनरेटर! अबे पोट्ट्या, हँडल मार!"

हँडल हातात घेऊन म्या तिच्याकडे पाह्यलं.
तिनं मान वर केली नाही.
"थांब गा," म्हने,
"एक चक्कर जाऊ दे."